अँडोराच्या डोंगरवाटा

पिरेनीज पर्वताच्या पूर्व भागात, फ्रान्स आणि स्पेन यांच्या मधोमध अँडोरा हा अवघ्या ४६८ चौरस किलोमीटरचा देश आहे. इथे विमानतळ नाही, रेल्वे नाही आणि सपाट जमीनही फारशी नाही. देशातली सर्वांत सखल जागासुद्धा समुद्रसपाटीपासून ८४० मीटरवर आहे. राजधानी अँडोरा ला वेल्या १०२३ मीटरवर असून ती युरोपातली सर्वांत उंचावरची राजधानी मानली जाते, तर सर्वोच्च शिखर कोमापेद्रोसा २९४२ मीटरचे आहे. बाहेरच्या जगाला हा देश माहीत आहे तो हिवाळ्यातल्या स्कीइंगसाठी आणि कमी करांमुळे स्वस्त मिळणाऱ्या मालासाठी. मात्र बर्फ वितळल्यावर तो पाहायचा तर पायीच. मोटारीच्या रस्त्यांना इथे जेमतेम शंभर वर्षे झाली आहेत. त्याआधीची सारी शतके या देशाचा संसार पायवाटांवरच चालला, आणि आज ट्रेकर ज्या वाटांनी जातात त्यांतल्या बहुतेक त्याच जुन्या वाटा आहेत.

देशाची ठेवण ध्यानात घेतली की वाटांचे जाळे लगेच उलगडते. ईशान्येकडून पूर्व वालिरा आणि वायव्येकडून उत्तर वालिरा अशा दोन नद्या येतात, एस्काल्देस गावापाशी एकमेकींना मिळतात आणि तिथून मोठी वालिरा दक्षिणेला स्पेनमध्ये उतरते. गावे, हमरस्ते, दुकाने, हॉटेले सारी या तीन दऱ्यांच्या तळाशी दाटीने वसलेली. बाजूच्या एखाद्या लहान खोऱ्यात शिरले की थोड्याच वेळात वस्ती मागे पडते. हिमयुगात हिमनद्यांनी हा मुलूख कोरून काढला, त्यामुळे बहुतेक खोऱ्यांच्या माथ्याशी तळी आहेत. त्यांची संख्या साठाच्या वर जाते. वाट कुठलीही धरली तरी साधारण क्रम तोच राहतो. आधी नदीकाठची शेते, मग पाइनचे जंगल, त्यावर कुरणे, मग तळे, त्यानंतर दगडगोट्यांच्या घसाऱ्याची चढण आणि शेवटी खिंड किंवा शिखर. त्या धारेपलीकडे बहुधा दुसरा देश असतो.

स्पेनमधल्या ला सेऊ द'उर्जेलहून राजधानीपर्यंत गाडीरस्ता पोहोचला तो १९१३ मध्ये. फ्रान्सच्या बाजूचा, एनवालिराच्या २४०८ मीटर उंच खिंडीतून येणारा रस्ता १९३० च्या दशकात झाला, आणि तोही वीजनिर्मितीचा परवाना मिळालेल्या कंपनीने अटीचा भाग म्हणून बांधला. तोवर मीठ, धान्य, लोकर, लोखंड असा सगळा माल खेचरांच्या पाठीवरून खिंडी ओलांडत असे. गुरेमेंढरे उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर चढत आणि थंडीआधी खाली उतरत. १२७८ मध्ये उर्जेलचा बिशप आणि फ्वाचा काउंट यांच्यात झालेल्या कराराने हा प्रदेश दोघांच्या सामाईक अमलाखाली आला, आणि काउंटचा वाटा पुढे फ्रान्सकडे गेल्यामुळे आज बिशप व फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष हे दोघे अँडोराचे नामधारी सहराजे आहेत. डोंगरावर मात्र राज्य चालले ते गावकीचे. कुरणे आणि जंगले खासगी मालकीची नसून प्रामुख्याने स्थानिक पंचायतींच्या ताब्यात राहिली, आणि बऱ्याच अंशी अजूनही तशीच आहेत. अशा सात पंचायती मिळून हा देश होतो. डोंगर सामाईक राहिल्याचा मोठा लाभ चालणाऱ्याला मिळतो, कारण वरच्या टप्प्यांत कुंपणे आणि बंद फाटके फारशी आडवी येत नाहीत.

या वाटांवरून चोरटा मालही पुष्कळ गेला. तंबाखू पाठीवर बांधून रात्री सीमा ओलांडणे हा कित्येक कुटुंबांचा पिढीजात उद्योग होता. पुढे माणसेही अशीच गेली. स्पेनच्या यादवी युद्धात लोक जीव वाचवायला दक्षिणेकडून इकडे आले. ओपुस देई या कॅथलिक संस्थेचे संस्थापक होसेमारिया एस्क्रिवा डिसेंबर १९३७ मध्ये रात्रीच्या वाटा तुडवत सांत जुलिया दे लोरियाला पोहोचले, आणि त्यांची ती वाट आजही काही जण श्रद्धेने चालतात. दुसऱ्या महायुद्धात ओघ उलटा झाला. नाझींच्या तावडीतून निसटलेले ज्यू, फ्रेंच तरुण आणि विमाने पडल्यामुळे अडकलेले दोस्त राष्ट्रांचे वैमानिक उत्तरेच्या खिंडी चढून अँडोरात उतरत आणि पुढे स्पेनकडे जात. त्यांना नेणारे वाटाडे बहुधा तेच तस्कर असत, कारण अंधारात, बर्फात वाट चुकू न देणारे दुसरे होते कोण? ला मसाना गावातल्या पालांकेस हॉटेलातून अशा सुटकेचे एक जाळे चालत असे. या इतिहासाची कल्पना असलेला ट्रेकर उत्तर सीमेवरच्या खिंडींत उभा राहतो तेव्हा त्याला समोरच्या उतारावर निव्वळ देखावा दिसत नाही.

लांब पल्ल्याच्या मोठ्या पिरेनीज वाटांपैकी काही या देशातून जातात. अटलांटिकपासून भूमध्य समुद्रापर्यंत पर्वताच्या स्पॅनिश अंगाने आठशेहून अधिक किलोमीटर धावणारी जी. आर. ११ ही वाट अँडोरा आडवा ओलांडते. पश्चिमेला बायाऊच्या २७५७ मीटर उंच खिंडीतून ती देशात येते. या खिंडीचा घसारा कुप्रसिद्ध आहे आणि पाऊल ठरत नसल्याने अनुभवी माणसालाही तिथे जपून जावे लागते. तिथून ती आरिन्साल, ओर्दिनो, एनकाम्प करत माद्रिऊ खोऱ्यातून पूर्वेला निघून जाते. जी. आर. ७ ही दुसरी वाटही माद्रिऊ खोऱ्यातूनच जाते. मुख्य धारेच्या शक्य तितक्या जवळून जाणारा ‘उंचावरचा मार्ग’ फ्रेंच पदभ्रमणकार जॉर्ज व्हेरों यांच्या मार्गदर्शक पुस्तकामुळे प्रसिद्ध झाला. तोही अँडोराच्या उत्तर भागातून जातो. त्याच्या बऱ्याच भागांत खुणा नसतात, म्हणून नकाशावाचन येणाऱ्यांनीच त्या वाटेला जावे. जी. आर. वाटांवर पांढऱ्या-लाल पट्ट्या रंगवलेल्या असतात. स्थानिक वाटांवर पिवळे ठिपके दिसतात, आणि संपूर्ण देशाला वळसा घालणाऱ्या सुमारे १२० किलोमीटरच्या वाटेची खूण पिवळ्या-लाल पट्ट्यांची आहे.

सात दिवसांच्या आसपास चालून अख्ख्या देशाची प्रदक्षिणा पूर्ण करता यावी, अशी संधी जगात फार ठिकाणी मिळत नाही. त्याच कल्पनेचे अधिक आखीव रूप म्हणजे कोरोनालाक्स हा फेरमार्ग. सुमारे ९२ किलोमीटरचे अंतर, मिळून साडेसहा हजार मीटरच्या आसपास चढ आणि पाच टप्पे. मुक्काम राखणदार असलेल्या इल्या, जुक्ला, सोर्तेनी आणि कोमापेद्रोसा या चार निवाऱ्यांत होतो. वाट सातही पंचायतींच्या हद्दींना स्पर्श करते. रोज हजार-दीड हजार मीटर चढायची आणि तितकेच उतरायची तयारी असलेल्यांसाठी देश समजून घेण्याचा याहून नेटका मार्ग नाही. मात्र पाय तयार नसताना सलग पाच दिवसांचा हट्ट धरू नये. गुडघ्यांचा कस चढापेक्षा उतारावर लागतो.

अँडोराच्या वाटांचे सर्वस्व मात्र माद्रिऊ-पेराफिता-क्लारोर या खोऱ्यात आहे. सुमारे ४२ चौरस किलोमीटरचा, म्हणजे देशाच्या जवळपास अकराव्या हिश्श्याएवढा हा प्रदेश युनेस्कोने २००४ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदवला. नोंद झाली ती सांस्कृतिक भूदृश्य म्हणून. उंच डोंगरात माणसाने शेकडो वर्षे कसे पोट भरले, याचा पुरावा इथे जागच्या जागी टिकून आहे. तो टिकला याचे एक कारण अगदी साधे आहे. या खोऱ्यात मोटारीचा रस्ता कधी झालाच नाही.

एस्काल्देसच्या वरच्या अंगाला, इमारतींची शेवटची रांग संपते तिथून माद्रिऊची वाट सुरू होते. सुरुवातीपासून ती दगडी फरसबंदीची आहे. ग्रॅनाइटचे लहानमोठे चिरे चुना-सिमेंटशिवाय एकमेकांत घट्ट बसवले आहेत, आणि शतकानुशतकांच्या वर्दळीने त्यांच्या कडा गोल झाल्या आहेत. वाटेच्या दोन्ही अंगांना सुक्या दगडांच्या भिंती आहेत. त्या हद्द दाखवतात, जनावरांना शेतात शिरू देत नाहीत, आणि शेतातला काढलेला दगड कुठे टाकायचा हा प्रश्नही त्यांनी सोडवलेला आहे. पाऊस पडून गेल्यावर हे चिरे निसरडे होतात, म्हणून चांगल्या पकडीचे बूट आणि हातात काठी असलेली बरी.

तासाभराच्या चालीत एन्त्रेमेसाइग्वेस आणि रामिओ ही दोन पाडेवजा ठिकाणे लागतात. मोजकी दगडी घरे, पाटीच्या दगडांची छपरे, पायऱ्यांची शेते. पूर्वी इथे बारमाही वस्ती होती. आता घरे उन्हाळ्यापुरती उघडतात. त्यापुढे पाइनचे दाट जंगल लागते आणि सुमारे १९०० मीटरवर फोंतवेर्दचा लहानसा निवारा येतो. आणखी वर, जंगल विरळ झाल्यावर, कुरणांत मेंढपाळांच्या दगडी झोपड्या आणि दूध काढण्यासाठी मेंढ्या रांगेने आणण्याच्या अरुंद बोळांचे अवशेष आहेत. सह्याद्रीच्या पठारावरचा धनगरवाडा पाहिलेल्या माणसाला या मांडणीचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागणार नाही. इथेच दुधाचे चीज होई आणि खाली नेले जाई.

माद्रिऊत लोखंडाची भट्टीही होती. १७९० मध्ये ती बंद पडली, तिचे अवशेष वाटेजवळ दिसतात. भट्टीला लागणारा कोळसा करण्यासाठी जंगल आणि यंत्र फिरवण्यासाठी पाणी अशी दोन्हींची सोय या खोऱ्यात होती. कोळसा पाडण्यासाठी सपाट केलेले गोल ओटे झाडीत अजून ओळखू येतात. खोऱ्याच्या माथ्याशी, २४८८ मीटरवर, इल्याच्या तळ्याकाठी निवारा आहे. एस्काल्देसहून तिथवर पाच-सहा तास लागतात. दिवसभरात परतायचे असेल त्यांनी फोंतवेर्दवरून किंवा त्याच्या थोड्या वरच्या कुरणांवरून मागे फिरावे. पेराफिता आणि क्लारोर या शेजारच्या दोन खोऱ्यांतून एन्त्रेमेसाइग्वेसला उतरणारा फेराही उत्तम आहे. तिथे माद्रिऊपेक्षा माणसे कमी भेटतात आणि दक्षिणेच्या कादी रांगेचा कडा समोर उघडा पडतो.

लोखंडाचा धागा उत्तरेला ओर्दिनोच्या खोऱ्यात अधिक स्पष्ट होतो. ल्योर्त्स गावात खाणीचा एक छोटा बोगदा पाहता येतो, आणि तिथून नदीकाठाने ला कोर्तिनादाकडे जाणारी सपाट वाट ‘लोखंडाची वाट’ म्हणून ओळखली जाते. लहान मुले आणि वयस्कर माणसे यांनाही ती सहज जमते. ला मसानाजवळची रोसेल भट्टी १८४२ ते १८७६ या काळात चालू होती आणि आता तिचे संग्रहालय झाले आहे. तिथली हवा देण्याची युक्ती जरूर पाहावी. उंचावरून नळात सोडलेले पाणी पडताना सोबत हवा ओढून घेते. तळाच्या पेटीत पाणी खालून निघून जाते आणि दाबलेली हवा नळीवाटे भट्टीत शिरते. भाता नाही, हलणारा एकही भाग नाही. शेजारी पाणचक्कीवर चालणारा अवजड हातोडा तापलेला लोखंडाचा गोळा ठोकून त्यातली मळी बाहेर काढी. धातुक वरच्या डोंगरांतून येई. त्यातली एक जुनी खाण सेरेरा शिखराजवळ, २७०० मीटरवरच्या मेनेर्स खिंडीत होती. आज ट्रेकर जिथे धापा टाकत पोहोचतो तिथे माणसे खणत होती आणि तिथून खेचरे भरून खाली येत होती.

ही खिंड ज्या सोर्तेनी खोऱ्याच्या माथ्याशी आहे ते १९९९ पासून संरक्षित उद्यान आहे. सुमारे अकरा चौरस किलोमीटरच्या या खोऱ्यात सातशेहून अधिक प्रकारच्या वनस्पतींची नोंद आहे. जून-जुलैत इथे आलेल्याने शिखराची घाई करू नये. निवाऱ्याजवळ लहानशी वनस्पतिबाग आहे, ती आधी पाहिली तर पुढच्या कुरणातली फुले ओळखता येतात. अँडोराचे राष्ट्रीय फूल, पांढऱ्या पाकळ्यांचा नर्गिस, वसंताच्या अखेरीस कुरणांवर फुलतो. दमदार ट्रेकर इथून २९१५ मीटरच्या एस्तान्यो शिखरावर जातात. हाताशी थोडाच वेळ असेल तर याच पंचायतीच्या उत्तर टोकाची त्रिस्तायनाची तीन तळी गाठावीत. सव्वादोन हजार मीटरच्या वर एकापुढे एक असलेल्या या तळ्यांचा फेरा दोन-तीन तासांत होतो, आणि ही देशातली सर्वांत लोकप्रिय वाट आहे. त्यामुळेच ऑगस्टच्या सुटीत तिथे गर्दी असते. २०२१ मध्ये तळ्यांच्या वरच्या २७०१ मीटरच्या शिखरावर मोठे धातूचे कडे असलेला सज्जा उभारला गेला. तिथून दिसते पुष्कळ, पण तळ्यांच्या काठाने सावकाश फिरण्यात जे मिळते ते तिथे मिळत नाही.

पूर्वेला कानिल्यो पंचायतीतले इंक्लेस खोरे हिमनदीने कोरलेल्या दरीचा पाठ्यपुस्तकात शोभेल असा नमुना आहे. तळ रुंद आणि सपाट, दोन्ही बाजू उभ्या. उन्हाळ्यात खोऱ्यात खासगी गाड्यांना मज्जाव असतो, ही अतिशय स्तुत्य गोष्ट आहे. महाराष्ट्राच्या कळसूबाईची उंची १६४६ मीटर, आणि इंक्लेसमधले चालणे सुरूच त्याहून वरच्या पातळीला होते. खोऱ्याच्या टोकापासून सिस्कारो, काबाना सोर्दा आणि जुक्ला या तीन दिशांना वाटा फुटतात. जुक्लाचे तळे देशात सर्वांत मोठे. त्याच्या काठावर २३१० मीटरला निवारा आहे आणि पलीकडच्या खिंडीतून फ्रान्समध्ये उतरता येते.

सर्वोच्च शिखराची ओढ बहुतेकांना असतेच. कोमापेद्रोसाची नेहमीची वाट आरिन्सालहून निघते, धबधब्याजवळून जंगलात चढते आणि २२६० मीटरवरच्या निवाऱ्यापाशी येते. तिथवर ती तुलनेने सोपी आहे. पुढे हिरवळ संपते, खडक काळपट होतो, आणि कड्यांच्या सावलीतले एस्तान्य नेग्रे म्हणजे काळे तळे लागते. शेवटचा टप्पा उभ्या, दगडाळ धारेवरचा आहे. दोराची गरज पडत नाही, पण एकूण चढ चौदाशे मीटरच्या आसपास भरतो आणि एका दिवसात जाऊन यायचे तर आठ-नऊ तास हाताशी हवेत. निवाऱ्यात रात्र काढून पहाटे शिखराला निघणे अधिक शहाणपणाचे. एवढे श्रम नको असतील तर कासामान्या हे २७४० मीटरचे चुनखडीचे शिखर आहे. ओर्दिनो खिंडीतून जेमतेम साडेसातशे मीटर चढावे लागते. ते देशाच्या मध्यावर असल्याने माथ्यावरून जवळजवळ सगळी खोरी एका नजरेत येतात. नकाशा सोबत नेऊन तिथे तासभर बसावे.

राखणदार असलेल्या चार निवाऱ्यांखेरीज डोंगरांत वीस-बावीसहून अधिक विनामूल्य निवारे आहेत, आणि ही या देशाने चालणाऱ्यांसाठी केलेली सर्वांत मोठी सोय म्हणावी लागेल. दगडी भिंती, कुलूप नसलेले दार, आत लोखंडी किंवा लाकडी बाकडी, शेकोटीची जागा, बहुधा एक टेबल. गाद्या-पांघरुणे, जेवण, शौचालय यांतले काही मिळेल असे धरून चालू नये. निजण्याची पिशवी, शिधा आणि स्टोव्ह आपला आपण न्यावा, कचरा सगळा परत आणावा आणि जाताना दार नीट लावावे, नाहीतर गुरे आत शिरतात. राखणदार असलेल्या ठिकाणी जागा आधी राखून ठेवावी. ही ठिकाणे साधारण जून ते सप्टेंबर उघडी असतात.

जूनमध्ये उत्तरेकडच्या उतारांवर कडक बर्फ शिल्लक असते आणि साध्या दिसणाऱ्या खिंडीतही बर्फकुऱ्हाड लागू शकते. जुलै-ऑगस्टात दुपारनंतर ढग दाटून विजा कडाडतात, म्हणून धारेवरून दुपारी एकपर्यंत खाली यायचा नियम पाळावा. सप्टेंबर हा सर्वांत भरवशाचा महिना. वरच्या भागात गुरे चरत असल्याने ओढ्याचे पाणी उकळून किंवा गाळून प्यावे. संकटात ११२ या क्रमांकावर मदत मागता येते, पण कित्येक खोऱ्यांत मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे नकाशा आणि कुणाला तरी आधी सांगून ठेवणे यांना पर्याय नाही.

कुरणांत शिट्टीसारखा आवाज आला तर तो मार्मोट या प्राण्याचा समजावा. पिरेनीजमधून तो हिमयुगानंतर नाहीसा झाला होता. १९४८ पासून आल्प्समधून आणून त्याला पुन्हा इथे सोडण्यात आले. घसाऱ्यावर इसार्द, म्हणजे पिरेनीजमधली रानशेळीसारखी शॅमॉय, दिसतात. आकाशात पाचरीसारख्या शेपटीचे मोठे गिधाड दिसले तर ते हाडे खडकावर टाकून फोडणारे दाढीवाले गिधाड, जे भारतीयांना हिमालयातही भेटते.

अँडोराला पोहोचण्यासाठी बार्सिलोना किंवा तुलूझहून बस पकडावी लागते, दोन्हीकडून साधारण तीन तास. भारतातून जाणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. अँडोरा शेंगेन क्षेत्रात नाही, त्यामुळे तिथून परत फ्रान्स किंवा स्पेनमध्ये येणे म्हणजे दुसरा प्रवेश ठरतो. व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा असल्याची खात्री करूनच निघावे. देश युरोपीय संघातही नाही, म्हणून युरोपभर चालणारे मोबाइल पॅक इथे बहुधा लागू होत नाहीत आणि बिल फुगते. हाताशी एकच दिवस असेल तर सर्वोच्च शिखराचा मोह सोडावा, सकाळी लवकर एस्काल्देसहून निघून माद्रिऊची फरसबंदी वाट धरावी आणि फोंतवेर्दपर्यंत जाऊन यावे.